घरच्या घरी दाढीचा फेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाढीचा फेड सलूनमध्ये जाऊन आलेल्या दिवशी सुरेख दिसतो आणि आठवड्याभरात विस्कटतो, ही बहुतेकांची तक्रार. घरी ट्रिमर असूनही हात लावायची भीती वाटते, कारण एक चुकीचा फेरा भरून यायला दोन आठवडे जातात. पण फेड बिघडतो कुठून आणि का, हे एकदा ध्यानात आलं की घरची देखभाल खूपच सोपी होते. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

फेड दाढी म्हणजे नेमकं काय?

कल्ल्याशी अगदी आखूड, जवळजवळ त्वचा दिसेल इतके केस, आणि तिथून हनुवटीकडे येताना हळूहळू वाढत जाणारी लांबी. कुठेही पायरी दिसता कामा नये. डोळ्याला जाणवते ती खरं तर लांबी नसते, जाणवते ती सावली. केस आखूड असले की त्वचा जास्त दिसते आणि भाग उजळ वाटतो, लांब झाले की गडद. त्यामुळे फेड करताना फक्त गार्डच्या (केसांची लांबी ठरवायला ट्रिमरवर बसवायच्या कंगव्यासारख्या टोपीच्या) नंबरवर विसंबू नका, आरशात उजळ-गडद कसं उतरतंय ते बघा. ज्याला हे बघता येतं त्याचा हात महिन्याभरात सुधारतो.

हाय, मिड, लो यांतला कोणता निवडू?

फेड किती वर किंवा खाली थांबतो त्यावरून ही नावं पडली, पण त्यांबद्दल कारागिरांमध्येही एकमत नसतं. म्हणून नावापेक्षा खुणेने ठरवा: पूर्ण दाढी कुठून सुरू व्हायला हवी? कानाच्या पाळीपासून, की जबड्याच्या कोपऱ्यापासून? पाळीपाशी पूर्ण दाढी सुरू झाली तर फेडला फक्त कल्ल्याची जागा उरते आणि सगळं तीन-चार सेंटिमीटरांत बसवावं लागतं. जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत फेड खाली नेला तर जागा जास्त मिळते आणि प्रत्येक टप्पा रुंद होतो. घरी शिकणाऱ्याने हा दुसरा प्रकार घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. थोड्या जागेत पाच लांबी मिसळणं हे सरावलेल्या हाताचं काम आहे.

फेड करण्याआधी दाढी किती वाढलेली असावी?

हनुवटीवर किमान १० मिमी. दाढीचे केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिमी वाढतात, म्हणजे महिन्याला अंदाजे एक सेंटिमीटर. गुळगुळीत दाढीपासून सुरुवात करणार असाल तर चार-पाच आठवडे गालांना हात लावू नका. ५ मिमीच्या दाढीवरही फेड होतो, पण आखूड आणि लांब यांत फरकच कमी असल्याने तो उठून दिसत नाही.

कोणती साधनं लागतात?

गार्ड लावता येणारा एक चांगला ट्रिमर, कडा काढायला बारीक ब्लेडचा छोटा ट्रिमर (एकाच मशीनला दोन्ही डोकी असली तरी चालतं), बारीक दातांचा कंगवा, मऊ ब्रश, आणि हातात धरायचा दुसरा आरसा. वस्तरा किंवा रेझर फक्त मानेसाठी आणि तोही हवा असेल तरच.

ट्रिमर घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली, त्याला १ ते ६ मिमीच्या दरम्यान किती टप्पे आहेत. फेडचं सगळं बारीक काम याच पट्ट्यात चालतं, २० मिमीपर्यंतच्या मोठ्या गार्डांचा इथे काही उपयोग नाही. दुसरी, गार्ड घट्ट बसतो का. काम चालू असताना सैल गार्ड निसटला की गालावर टक्कल उमटलंच म्हणून समजा.

आणि उजेड. डोक्यावरच्या एकाच दिव्याखाली जबड्याच्या खाली सावली पडते आणि तीच गडद दाढीसारखी दिसते. उजेड समोरून आणि शक्यतो दोन्ही बाजूंनी यायला हवा. दिवसा खिडकीकडे तोंड करून उभं राहिलात तर उत्तम.

गार्डचे नंबर आणि मिलिमीटर यांचा मेळ कसा घालायचा?

सर्वसाधारणपणे अर्धा नंबर म्हणजे १.५ मिमी, १ म्हणजे ३, दीड म्हणजे ४.५, २ म्हणजे ६, ३ म्हणजे सुमारे १० आणि ४ म्हणजे सुमारे १३ मिमी. पण कंपनीगणिक नंबर बदलू शकतात, म्हणून गार्डवर छापलेले मिलिमीटरच धरा. सलूनमध्ये आवडलेला फेड घरी टिकवायचा असेल तर कारागिराला सरळ विचारून घ्या: सगळ्यात आखूड जागी किती लावलं आणि हनुवटीवर किती. हे दोन आकडे मिळाले की मधलं तुम्हाला जमवता येतं.

दाढी ओली असताना कापायची की कोरडी?

धुवायची, पण कापायची पूर्ण कोरडी झाल्यावरच. ओला केस ताणला जातो आणि चिकटून बसतो, वाळल्यावर आखडतो. कुरळ्या दाढीत हा फरक फार मोठा असतो. न धुतलेल्या दाढीतल्या तेलामुळे केस गार्डखाली दबून राहतात आणि निम्मे सुटतात. धुऊन, वाळवून, आधी उलट्या दिशेने विंचरून केस उभे करा आणि मग वाढीच्या दिशेने बसवा. दाढीचं तेल किंवा बाम कापून झाल्यावर.

आता प्रत्यक्ष कृती सांगा.

सलूनमध्ये काही जण शून्य मशीनपासून, म्हणजे गार्ड न लावता, सुरुवात करून लांबी वाढवत नेतात. त्यांचा हात रोजचा असतो. घरी मात्र लांबाकडून आखुडाकडे यायचं, कारण राहिलेलं नंतर काढता येतं.

समजा हनुवटीवर १३ मिमी ठेवायचे आहेत. आधी पूर्ण दाढीवरून १३ चा गार्ड फिरवा, वाढीच्या उलट दिशेने, म्हणजे गालांवर बहुधा खालून वर. मिशी यातून वगळा, तिचं काम शेवटी कंगवा आणि कात्रीने. आता दाढी सारखी झाली.

पुढे फेडचा पट्टा ठरवा. वरची हद्द कानाच्या वरच्या टोकाजवळ, जिथे डोक्याचे केस कल्ल्याला मिळतात. खालची हद्द जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर. १० चा गार्ड लावून या संपूर्ण पट्ट्यात काम करा. मग ६ चा गार्ड घ्या आणि खालचा साधारण एक सेंटिमीटर भाग सोडून वरचा सगळा घ्या. मग ४.५ चा, आणखी एक सेंटिमीटर सोडून. त्यानंतर ३ चा, कानाच्या छिद्राच्या पातळीपासून वर. शेवटी १.५ चा, फक्त सगळ्यात वरच्या पट्टीत. त्वचेपर्यंत जायचं असेल तर गार्ड काढून अगदी वरचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर, आणि तेही पहिल्या दोन-तीन वेळा टाळलेलंच बरं.

हाताची चाल हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. गार्ड खालच्या हद्दीवर गालाला टेकवून तिथूनच कापायला सुरुवात केली तर बरोब्बर तिथे रेघ उमटते. म्हणून सुरुवातीला गार्ड गालापासून किंचित सुटा धरा, वर सरकताना हळूहळू टेकवा आणि मग पुढचा फेरा सरळ न्या. प्रत्येक वेळी अगदी एकाच उंचीवरून सुरू करू नका, दोन-तीन मिलिमीटर वर-खाली होऊ द्या. हद्द जितकी अस्पष्ट, तितकं मिसळणं सोपं. ट्रिमर दाबायचा नाही आणि घाईने ओढायचाही नाही, ब्लेडला केस पकडायला वेळ मिळाला पाहिजे.

एक बाजू पूर्ण संपवून दुसरीकडे जाऊ नका. प्रत्येक गार्ड दोन्ही बाजूंना लावा आणि मगच पुढचा गार्ड घ्या. मध्येच बॅटरी संपली तरी निदान दोन्ही बाजू एका टप्प्यावर असतील.

कल्ला डोक्याच्या केसांना कसा मिळतो तेही बघा. डोक्याचे केस बाजूला आखूड असतील तर दाढीचा सगळ्यात आखूड भाग आणि त्यांचा शेवट सारख्या लांबीचा ठेवा. डोकं पूर्ण भादरलेलं असेल तर फेड कानाच्या वरच्या टोकापासून शून्यातून सुरू करावा. बाजूचे केस लांब असतील तर कल्ल्यात त्वचेपर्यंत जाऊ नका, मध्ये एक उघडी खिडकी दिसते आणि ती फार खटकते.

दोन गार्डांच्या मध्ये रेघ राहते. ती कशी घालवायची?

नेमकी याच ठिकाणी बहुतेकांची दाढी बिघडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रेघेच्या एका बाजूला उजळ भाग असतो, दुसऱ्या बाजूला गडद. कापायचं नेहमी गडद बाजूचं. उजळ बाजूला पुन्हा ट्रिमर लावला की ती आणखी उजळते, रेघ आणखी ठळक होते, मग पुन्हा लावावासा वाटतो आणि अशा रीतीने फेड गालावर चढत जातो. दोन गार्डांच्या मधली लांबी असलेला गार्ड घ्या, ३ आणि ६ मध्ये रेघ असेल तर ४.५. ब्लेडची पूर्ण रुंदी न टेकवता फक्त कोपरा वापरा, आणि रेघेच्या गडद बाजूला छोटे, बाहेर सुटणारे फटके द्या. मधला गार्ड नसेल तर लहानच गार्ड लावून वाढीच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, हलका फिरवा. सुलट्या दिशेने तोच गार्ड केस जरा लांब सोडतो, त्यामुळे अर्ध्या टप्प्याचं काम होतं. मशीनला बाजूला ब्लेडची लांबी कमी-जास्त करणारा खटका असेल तर तो उघडा-मिटता करून हाच परिणाम जास्त नेमका मिळतो.

दर दोन-तीन फटक्यांनी ब्रशने कापलेले केस झाडा, नाहीतर पडलेल्या केसांचीच रेघ दिसत राहते. मान वळवून दुसऱ्या कोनातून बघा. काही रेघा फक्त सावलीच्या असतात.

आणि काही रेघा लांबीच्या नसतातच. गालफडाखाली केस दाट आणि कानाजवळ विरळ असले तर एकच लांबी ठेवूनही दाट भाग गडद दिसतो. तिथे दाट भाग एका टप्प्याने आखूड करायचा. गार्डचा हिशोब चुकला तरी चालेल, आरशात उतार बरोबर दिसला पाहिजे.

चुकून एका ठिकाणी फार कापलं गेलं. आता?

थांबा. लगेच त्या खड्ड्याभोवती कापत सुटू नका. खड्डा फेडच्या पट्ट्यात असेल तर पूर्ण फेडच तेवढा खाली आणता येतो: खड्ड्याची लांबी ज्या टप्प्याची आहे तो टप्पा तिथपर्यंत उतरवायचा आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. खड्डा गालाच्या मध्यावर किंवा हनुवटीवर असेल तर आजूबाजूचं एका गार्डने कमी करून फरक सौम्य करा आणि बाकी वाढीवर सोडा. दहा दिवसांत तिथे तीन-साडेतीन मिलिमीटर केस येतात आणि तेवढ्याने बहुतेक खड्डे झाकले जातात.

दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत.

कारण चेहराच दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक कान जरा वर असतो, एका गालावर केस दाट असतात. उजव्या बाजूची रेघ बघून डावीकडे मोजत बसलात तर दोन्हीकडे थोडं थोडं कापत दाढी संपेल. त्याऐवजी दोन्ही बाजूंना त्याच खुणा धरा: कानाचं छिद्र, पाळीचं टोक, ओठांचा कोपरा. समोरून, दोन हात अंतरावरून आरशात बघून जे सारखं दिसतं ते सारखंच आहे. आणि आधी अवघड बाजू करा, उजव्या हाताने काम करणाऱ्यांना ती बहुधा डावी असते. सोपी बाजू नंतर तिच्याशी जुळवून घेता येते.

मानेवरची रेषा कुठे काढायची?

कंठमण्याच्या वर दोन बोटं. तिथून दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीमागे जाणारी मोकळी कमान. ही रेषा जबड्याच्या हाडावर चढवणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. तशी रेषा काढली की हनुवटीखालचं मांस उघडं पडतं आणि दाढी मुखवट्यासारखी चिकटवल्यागत दिसते.

मान सरळ ठेवून रेषेची जागा ठरवा, कापताना हवं तर हनुवटी वर करा. मान वर केली की कातडी ताणून सरकते, त्यामुळे वर बघत ठरवलेली रेषा खाली बघितल्यावर भलतीकडेच निघते.

रेषेखाली सगळं साफ, आणि रेषेच्या वर एक-दीड सेंटिमीटरात १.५, ३, ६ असा छोटा फेड दिलात तर मान फार नीटस दिसते. कडक रेषेखाली दोन दिवसांत खुंट उगवून ती मळकट वाटू लागते. उतरती मान चार-पाच दिवस सहज टिकते.

गालावरची रेषा?

जेवढी नैसर्गिक आहे तेवढी ठेवा. वर भरकटलेले केस काढा, बस. ती खाली ओढायचा मोह होतो, पण फेडमुळे कल्ल्याजवळ दाढी आधीच हलकी झालेली असते. वरूनही कापली तर पट्टी उरते.

किती दिवसांनी हात फिरवायचा?

साधा हिशोब करा. आठवड्यात सगळीकडे साधारण अडीच मिलिमीटर वाढ होते. हनुवटीवरचे १३ मिमी साडेपंधरा झाले तर कोणाला कळत नाही. कल्ल्यातलं शून्य मात्र अडीच होतं, दीडचं चार होतं, म्हणजे दीडचा टप्पा जवळजवळ साडेचारच्या जागी जाऊन पोचतो. वाढ सगळीकडे सारखीच, पण बिघडतं ते आखूड टोक. फेड टिकवणं म्हणजे या आखूड टोकाची काळजी घेणं.

म्हणून पूर्ण दाढीला दर चार दिवसांनी हात लावायची गरज नसते. तीन-चार दिवसांनी फक्त सगळ्यात आखूड दोन टप्पे आणि मानेची कड. दहा मिनिटांचं काम. आठवड्यातून एकदा मधले टप्पे. पूर्ण लांबी आणि मिशी दोन-अडीच आठवड्यांनी. दर वेळी आखूड टप्पा आधीच्याच खुणेला थांबवा. तो थोडा थोडा खाली सरकत गेला की महिन्याभरात जबड्यापर्यंत गाल रिकामा होतो आणि कधी झाला ते कळतही नाही.

फेड केलेल्या जागी पुटकुळ्या येतात, केस आत वळतात.

कुरळ्या, जाड केसांच्या दाढीत हे जास्त होतं. त्वचेच्या अगदी लगत कापलेला केस वळून परत कातडीत शिरतो आणि तिथे सूज येते. उपाय त्रासदायक वाटेल, पण तो खरोखर लागू पडतो: त्वचेपर्यंत जाऊ नका. १ मिमीवर थांबा. लांबून पाहणाऱ्याला शून्य आणि एक यांत विशेष फरक दिसत नाही, तुमच्या कातडीला मात्र मोठा फरक पडतो.

रेझर लावायचाच असेल तर कोमट पाण्याने केस मऊ करून, पारदर्शक जेल लावून (म्हणजे रेषा दिसते), सुलट दाढी करा. उलटा हात टाळा. मानेवर केसांना भोवरे असतात, वाढीची दिशा बोट फिरवून आधी चाचपून घ्या. आत वळलेला केस सुईने उकरू नका, कोमट ओलं फडकं काही मिनिटं धरा आणि बरं होईपर्यंत त्या जागी कापणं थांबवा.

दाढी ठिकठिकाणी विरळ आहे. फेड शोभेल का?

बऱ्याचदा फेडच शोभतो. गालांवर विरळ आणि हनुवटीवर दाट अशी दाढी असेल तर विरळ भाग मुद्दामच आखूड ठेवल्यासारखा दिसतो. फक्त गालांवर ३ ते ५ मिमीच्या वर जाऊ नका, लांब विरळ केसांमधून मोकळी जागा जास्त उघडी पडते.

दाढी पांढरी होतेय. काही वेगळं करायचं?

पांढरा केस सावली देत नाही, म्हणून तोच गार्ड लावूनही भाग जास्त उजळ दिसतो. कल्ले पांढरे असतील तर तिथे एक टप्पा लांब ठेवा. कलप लावणार असाल तर आधी त्वचेवर थोडासा लावून ४८ तास वाट बघा. कलपातल्या रसायनाची ॲलर्जी चेहऱ्यावर फार त्रास देते.

वारंवार वस्तरा फिरवला की दाढी दाट होते ना?

नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली याच प्रश्नावर प्रयोग करून पाहिला आणि दाढी करण्याने केसांच्या वाढीत किंवा जाडीत फरक पडत नाही असं दाखवलं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. म्हणून खुंट हाताला जाड लागतात, एवढंच.

ट्रिमरची निगा कशी ठेवू?

प्रत्येक वापरानंतर ब्रशने केस झाडा, ब्लेडवर मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब टाका, काही सेकंद चालवा आणि जास्तीचं तेल पुसा. खोबरेल वापरू नका. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं आणि ब्लेडमध्ये चिकट थर धरतं. ट्रिमर केस ओढायला लागला तर आधी चार्जिंग बघा, मग तेल, आणि तरीही ओढत असेल तर ब्लेड बदला. बोथट ब्लेडने फेड होत नाही, कितीही हात बसलेला असला तरी.

ब्लेड ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. घरात दोघे एकच ट्रिमर वापरत असतील तर हे दर वेळी करा. रेझर मात्र कोणाशीही वाटून घेऊ नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहतो आणि रेझरवर न दिसणारं रक्त असू शकतं.

कापून झाल्यावर काय लावायचं?

थंड पाणी, मग बिनवासाचं मॉइश्चरायझर आखूड भागावर आणि दोन-तीन थेंब तेल लांब भागावर. आखूड भागाला दाढीचं तेल लागत नाही, तिथे ते नुसतं चकाकतं. अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह ताज्या कापलेल्या कातडीला कोरडं पाडतं.

डॉक्टरकडे कधी जावं?

दाढीत अचानक नाण्याएवढा गुळगुळीत गोल डाग पडला, पू भरलेल्या पुटकुळ्या आठवड्याभरात बसत नाहीत, गोल कडेचा खाजरा चट्टा पसरतोय, किंवा कोंडा आणि लाली कशानेच जात नाही, अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोपर्यंत त्या भागावर ट्रिमर नको. बुरशीचा संसर्ग असेल तर ब्लेडबरोबर तो गालभर पसरतो.

फेड सोडून पूर्ण दाढी वाढवायची आहे. मधले दिवस कसे काढू?

एकदम सोडून देऊ नका. दर आठवड्याला सगळ्यात आखूड टप्पा एका गार्डने वाढवा: या आठवड्यात १.५ च्या जागी ३, पुढच्यात ४.५, मग ६. हनुवटी त्या काळात १३ वरच रोखून धरा, नाहीतर खाली लांब आणि वर आखूड हा फरक तसाच राहील. पाच-सहा आठवड्यांत कल्ले हनुवटीला गाठतात आणि मधल्या एकाही दिवशी दाढी अस्ताव्यस्त दिसत नाही. मानेची रेषा मात्र या सगळ्या काळात पहिल्यासारखीच ठेवा.